प्याला टळला नाही तर

श्रद्धावान माणसाला भीती वाटत नाही, असे आमच्याकडे पुष्कळदा बोलले जाते. उपदेशातही ते ऐकू येते. मला ते कधीच पटले नाही. शुभवर्तमानातील गेथशेमाने बागेची रात्र वाचावी. तेथे प्रत्यक्ष प्रभू येशू व्याकूळ झालेला आहे आणि सोबत्यांपासून तो ते लपवीतही नाही. दुःखाचा प्याला टळावा म्हणून तो तीनदा प्रार्थना करतो. पेत्र, याकोब आणि योहान मात्र जवळच झोपी गेलेले! गेथशेमाने या शब्दाचा अर्थ तेलाचा घाणा. घाण्यात सापडलेल्याने हसतमुख राहावे, अशी अपेक्षा निदान त्या बागेत तरी कुणी केलेली नाही.

गेल्या दिवाळीनंतर दादांची बायपास शस्त्रक्रिया झाली. संमतिपत्र इंग्रजीत होते, आणि घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. द्वितीय वर्षाच्या पाठ्यपुस्तकाने असल्या उताऱ्याची तयारी काही करून घेतलेली नव्हती. रक्तस्राव, पक्षाघात, अशी काय काय होऊ शकते याची यादी होती. आई म्हणाली, "समदं वाच बाळा, काही गाळू नको." मी सगळे वाचले. यादीतला शेवटचा शब्द मराठीत सांगताना जीभ जड झाली. आईने नुसती मान हलवली. मी सही केली.

मग जिन्याखाली तिने डोक्यावर पदर घेतला. "बापा, मला लई भ्या वाटतंय. ह्यांना राहू दे. तुझ्या मनात काय हाय ते मला ठावं नाही, पण तू हितंच थांब." एवढीच प्रार्थना. तिच्यात एकही शोभेचा शब्द नव्हता. त्यानंतर माझी भीती गेली, असे मी लिहिणार नाही. पाच तास ती होतीच. तिला शब्द मिळाले होते आणि ती आम्हा दोघांत वाटली गेली होती, इतकेच.

वसतिगृहातील एका मित्राने विचारले, "देव ऐकतो, तर डॉक्टर कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण प्रार्थना म्हणजे अर्ज आणि देव म्हणजे तो मंजूर करणारा साहेब, असा हिशेब त्यात धरलेला आहे. पंडिता रमाबाईंचे काय मग? १८७० च्या दशकातील दुष्काळात आई-वडील व बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पुढे ख्रिस्तावर विश्वास ठेवून केडगावला शेकडो निराधार मुलीबायकांना त्यांनी आसरा दिला. तरीही १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. त्या स्वतः १९२२ मध्ये वारल्या, त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम अखेरपर्यंत करीत. त्यांचा हिशेब कुठल्या वहीत बसवायचा?

त्याच बायबलात ८८ वे स्तोत्र आहे. इतर विलापस्तोत्रे बहुधा शेवटी आशेकडे वळतात. हे अंधारातच संपते. तरी ते काढून टाकलेले नाही. इस्पितळातून परतल्यावर ते मी दोनदा वाचले आणि मला एकटे वाटेनासे झाले.

दादा घरी आहेत. अजून जड उचलायचे नाही, म्हणून शनिवार-रविवारी जाऊन गव्हाला पाणी मी देतो. पुढची तपासणी जूनमध्ये आहे. आईने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला आहे, आणि रोज रात्रीच्या प्रार्थनेत ती देवाला ती तारीख सांगते.