खाणावळीतला चार्ली

घर सोडून गाणं शिकायला गेलेल्या मुलांच्या गोष्टी आमच्या भागात घरोघरी सांगितल्या जातात. भीमसेन जोशी १९३३ साली गदगहून निघाले तेव्हा ११ वर्षांचे होते, हे आमची आजी मराठीत आणि शेजारच्या अज्जी कन्नडात तितक्याच कौतुकानं सांगत. पण घरातलंच पोर तसं काही बोलू लागलं की कौतुक कुठल्या कुठं जातं.

धारवाडच्या ताईचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला सॅक्सोफोन वाजवायचाय, तोही जॅझ. कद्री गोपालनाथांसारखं कर्नाटक संगीत म्हणाला असता तर ताईनं ऐकून तरी घेतलं असतं. फोनवर तिचा एकच प्रश्न, "होट्टीपाडिगे एन माडतान?" पोटापाण्याचं काय!

मी मराठी शिकवणारा माणूस. भाच्यानंच मला चार्ली पार्करबद्दल वाचायला लावलं. जन्म १९२०, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. आई रात्री तारऑफिसात साफसफाई करी. तिनंच त्याला जुना सॅक्सोफोन घेऊन दिला. १९३६ साली रेनो क्लबात तो मोठ्यांच्या मैफलीत वाजवायला उभा राहिला आणि मध्येच त्याची वाट हरवली. ड्रमवाल्या जो जोन्सनं झांज काढून खाली फेकली. लोक हसले. (आपल्याकडे बुवा नुसते डोळे वटारतात, पण अर्थ तोच.)

पुढच्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगरात बँडबरोबर काम मिळालं. तिथं त्यानं लेस्टर यंगचं वादन तबकड्यांवरून सूर न् सूर बसवलं. न्यूयॉर्कला गेल्यावर हार्लेममधल्या एका खाणावळीत भांडी घासली. तिथं पियानोवर आर्ट टेटम वाजवीत. गुरुगृही पाणी भरणं म्हणतात ते हेच की! १९४५ मध्ये 'को-को' ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

उरलेलंही मी ताईला सांगितलं. विशीच्या आतच हेरॉइनची सवय लागली, आणि १९५५ साली, वयाच्या ३४व्या वर्षी तो गेला. हे झाकून भाच्याची वकिली करणं मला पटेना.

ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "भांडी घासत होता म्हणतोस? आमचा स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाही रे!"

सध्या ठरलंय ते एवढंच: डिग्री पुरी करायची आणि रोज संध्याकाळी दोन तास गच्चीवर वाजवायचं. शेजाऱ्यांची समजूत ताई काढणार आहे, कन्नडात.