टॅली न होणारं काम

बँकेचा अर्धवार्षिक हिशेब 30 सप्टेंबरला बंद होतो. त्या दिवशी पितृपक्ष चालू आहे की नवरात्र, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. दिवाळी मात्र पंचांगाच्या तंत्राने चालते. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरपर्यंत लांबलं. 2025 मध्ये ते 21 ऑक्टोबरलाच येऊन ठेपलं. हा तीन आठवड्यांचा फरक बहुतेक घरांत बोनस आणि फराळ यांपुरताच जाणवतो. माझी मात्र त्यात पार त्रेधा उडते. दिवसा मी एका बँकेत नव्याने लागलेली अधिकारी आहे, प्रोबेशनवर. आणि कॉलेजात असल्यापासून नारायण पेठेतल्या एका दिवाळी अंकाची प्रुफं वाचते आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी छापखान्यांना एक सुगी लावून दिली. तेव्हापासून या धंद्यातला प्रत्येक जण दिवाळीपासून मागे मोजत येतो. अंक पंधरा-वीस दिवस आधी विक्रेत्यांकडे पोचला पाहिजे. त्याआधी बांधणी, त्याआधी छपाई, त्याआधी शेवटची प्रुफं. 2025 मध्ये असं मोजत आलं की बोट बरोबर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर पडायचं. लेखकांना याची खबर नसते, किंवा असूनही नसते. गणपती उठल्याशिवाय लेख द्यायचा नाही असं जणू व्रतच घेतल्यासारखे काही नामवंत वागतात. त्यांच्याही पुढे जाहिरातदार. पानं लावून झाली, फर्मा बंद झाला, की एखाद्या सराफाची पानभर जाहिरात येते. मग एका कवितेला पुढच्या अंकाचं आश्वासन मिळतं आणि मागची सगळी पानं सरकतात. सरकलेली पानं पुन्हा वाचावी लागतात.

तिकडे शाखेत त्याच पंधरवड्यात वेगळी धांदल. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की कर्जखातं अनुत्पादक होतं, आणि सप्टेंबरअखेर अशी किती खाती निघाली यावर शाखेची आणि साहेबांची पत ठरते. त्यामुळे सकाळपासून फोन, दुपारी कर्जदारांच्या दारात, संध्याकाळी वरच्या ऑफिसला आकडे. शिवाय तिजोरीची एक चावी माझ्याकडे. तिजोरी दोन चाव्यांशिवाय उघडत नाही, म्हणजे मी पोचले नाही तर रोखपाल रिकाम्या काउंटरवर आणि गिऱ्हाइकं रांगेत. अर्धवेळ काम करणाऱ्याला हे फार लवकर कळतं, की जिथे तुमच्यावाचून कुलूप उघडत नाही तिथे तुम्ही असताच. जिथे तुमच्यावाचून फक्त एक वेलांटी चुकते, तिथे ‘बघू, रात्री बसते’ असं म्हणता येतं.

आणि रात्री बसलं की खरी गोम कळते. बँकेत कितीही उशीर झाला तरी दिवसअखेर हिशेब जुळतो. जुळला नाही तर जुळेपर्यंत बसायचं. पण जुळला की जुळला, दिवे घालवून घरी. प्रुफाला असं काही नाही. तीन वेळा वाचलेल्या पानात चौथ्या वेळी चूक सापडते, आणि सापडली नाही तर ती नव्हती की दिसली नाही, हे सांगणारी कुठलीही बेरीज नसते. दिवसभर आकडे तपासलेल्या डोळ्यांना अक्षरं वाचायची सवय मोडते, हा माझा अनुभव आहे. आकड्याला अर्थ नसतो, म्हणून तो नीट दिसतो. ओळीला अर्थ असतो. थकलेला मेंदू अर्थ पकडून पुढे पळतो आणि अक्षर मागे राहतं. एका ज्येष्ठ लेखकांचा मजकूर दर वर्षी जुन्या वळणाचा येतो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकलेले अनुस्वार त्यांच्या ‘कांहीं’वर आणि ‘नाहीं’वर अजून ठाण मांडून बसलेले. ते एकेक खरवडायचे. त्यातून मजकूर एका फाँटातून दुसऱ्यात आणताना रफार कुठेतरी उडतात. ‘सर्व’चं ‘सव’ झालेलं सकाळी चटकन दिसतं. रात्री अकरा वाजता डोळे तो रफार स्वतःच्या पदरचा घालतात आणि पुढे जातात.

नोकरी लागली तेव्हा पहिला प्रश्न वेळेचा नव्हता, परवानगीचा होता. 2022 मध्ये विप्रोने तीनशे जणांना प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करतात म्हणून काढलं, तेव्हा माझी आयटीतली मित्रमंडळी महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. दोन कामं करणाऱ्यांकडे संशयाने बघण्याची आपली रीत जुनीच आहे, आणि प्रत्येक वेळी ती चुकीची असते असंही नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात एका कारखान्यात राबून आलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात राबवायला मनाई होती. त्यामागे मालकाच्या हिताइतकीच कामगाराच्या शरीराची काळजी होती, असं मला वाटतं. सरकारी नोकरांच्या नियमांत मात्र एक खिडकी ठेवलेली आहे. केंद्र सरकारचे 1964 चे वर्तणूक नियम धंदा आणि दुसरी नोकरी नाकारतात, पण साहित्य, कला, विज्ञान यांतलं अधूनमधूनचं काम करू देतात. मूळ कामाला झळ पोचता कामा नये, एवढीच अट. आमच्या बँकेचे नियमही त्याच वळणाचे. आता दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात न चुकता येणारं काम अधूनमधूनचं म्हणायचं का, आणि दुसऱ्याच्या साहित्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारणं हे साहित्य का, हे नियम लिहिणाऱ्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी ते साहेबांवर सोडलं. साहेब म्हणाले, “तोंडी विचारलंस तर मी हो म्हणेन. लेखी विचारलंस तर लेखी उत्तर येईल, कधी येईल ते विचारू नकोस.” मी अर्ज केला. प्रोबेशनवरच्या माणसाला तोंडी होकार फार दिवस पुरत नाही.

उत्तर येईपर्यंत पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि तसं काकांना सांगितलं. काका म्हणजे अंकाचे संपादक, प्रकाशक, जाहिरात विभाग आणि प्रसंगी अंकाचे गठ्ठे उचलणारे. मला वाटलं, त्यांना बरंच वाटेल. पानामागे देतात ते पैसे फार नसले तरी वाचले तर वाचले. त्यांचा चेहरा उतरला.

“अगं, पैसे घेणार नाहीस तर मी तुला सांगू कसं?”

“काय सांगायचं ते सांगा ना, काका. काम तेच आहे.”

“तेच कसं? रात्री दहाला फोन करून ‘उद्या सकाळी फर्मा पाहिजे’ म्हणायला तोंड नको का मला?”

आणि खरोखर त्या वर्षी त्यांचे रात्रीचे फोन बंद झाले. व्हॉट्सॲपवर पीडीएफ यायची, खाली ‘सवडीने’. त्या ‘सवडीने’ने माझी जेवढी झोप उडवली तेवढी बँकेच्या कुठल्याच परिपत्रकाने उडवली नाही. आधीच्या वर्षांत ते हक्काने मागायचे, मी हक्काने कुरकुर करायचे आणि त्या ओढाताणीतून एक वेळ ठरायची. आता मागणंच थांबलं, त्यामुळे नाही म्हणायची सोयही गेली. दोन कामांचा वेळ एकमेकांवर आला की लोक तास मोजायला बसतात: इतके इकडे, इतके तिकडे, प्रवासाचे इतके. तासांचं जमतं. न जमणारी गोष्ट ही, की नवी नोकरी आपला हक्क कागदावर लिहून घेते आणि जुन्या कामाचा हक्क असा किरकोळ पैशांत, ओळखीत आणि रात्रीच्या फोनमध्ये गुंतलेला असतो. तो कमी करायला जावं, तर कामाचे तास तेवढेच राहतात आणि फक्त सांगायची हिंमत कमी होते.

आईचं मत सरळ आहे. “एवढी परीक्षा देऊन ऑफिसर झालीस, आता ते कागद कशाला?” तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे अशा प्रश्नाला उत्तर म्हणून मोठ्या माणसांचे दाखले देतात. वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गायले, आणि ती सुटल्यावर 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ आलं. डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सांभाळत नाटकं केली आणि 1969 मध्ये पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. दाखले थोरच, पण गोष्ट नेहमी नोकरी सुटते तिथे रंगते. ज्यांनी बँकेची, महापालिकेची, पोस्टाची नोकरी निवृत्तीपर्यंत केली आणि तालमींना, मैफलींना, छापखान्यांनाही शेवटपर्यंत जात राहिले, त्यांच्या गोष्टीत कलाटणी नाही, म्हणून ती कोणी सांगत नाही. माझी भरती त्या दुसऱ्या जमातीत आहे. मला प्रूफवाचक म्हणून नाव कमवायचं नाही. तसं नाव असतंच कुठे? चूक राहिली तर आठवण निघते, एवढंच. पण लेख छापून येण्याआधी त्याच्या पोटात शिरायला मिळतं, एखाद्या मोठ्या लेखकाचं वाक्य नेमकं कुठे लंगडतं ते हाताला लागतं, ही चैन मला पगारात मिळत नाही.

बँकेचं उत्तर जानेवारीत आलं: परवानगी, मूळ कामात व्यत्यय न येण्याच्या अटीवर. त्याच संध्याकाळी मी नारायण पेठेत जाऊन काकांच्या टेबलावर कालनिर्णय पसरलं. सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते. ते शनिवार आणि रविवार मिळून पुरते फर्मे वाचायचे, सुटी पानं नाहीत. वाचन सकाळी, कागदावर, पट्टी धरून. फोनवर प्रुफं वाचणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा माझा नाही, हे आत्ताच, जानेवारीत, लेखी. त्या आठवड्यात सरकलेली पानं काकांच्या भाचीने बघायची; ती माझ्याहून बारीक बघते, फक्त पैसे जास्त मागते. काकांनी सगळ्याला मान डोलावली आणि पहिला प्रश्न विचारला, “मग फोन दहाच्या आत करायचा की नंतर केला तरी चालेल?” आत, म्हटलं. पैशांचं पाकीट त्यांनी पुन्हा द्यायला घेतलं आणि मी घेतलं. त्यानंतरच्या पहिल्याच फोनवर त्यांनी मला मागच्या अंकात राहिलेल्या दोन चुका ऐकवल्या. वर्षभर मनात ठेवल्या होत्या बिचाऱ्यांनी.

यंदा, 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत एक महिना जास्तीचा, त्यामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. 30 सप्टेंबर होऊन गेल्यावरही शेवटच्या प्रुफांना ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे मोकळे मिळतात. मी हे काकांना मोठ्या आनंदाने सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, कालनिर्णयात दोनदा बघून खात्री केली, आणि अंक दोन फर्म्यांनी वाढवला.