हरण्याला औषध नाही, माणसाला आहे



मृग बागेत हरण्या दिसतोय. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडलेला. या व्हायरसला औषध नाही आणि मावा तो पसरवतो. म्हणून दर चार-पाच दिवसांनी ओळीओळीने फिरून रोगट झाड कंदासकट उपटायचं, लांब खड्ड्यात गाडायचं. रावेर पट्ट्यात हे सगळ्यांना पाठ आहे.

आज फेरीला आमचे सालदार आप्पा पुढे होते. तीन वर्षांपूर्वी मी त्यांनाही असंच उपटलं होतं.

तेव्हा चहाच्या किटलीने हात भाजला, फोड आला, तरी आप्पांना कळलंच नाही. मनगटाच्या वर फिकट चट्टा होता. तपासणीत कुष्ठरोग निघाला. दुसऱ्या दिवसापासून कटाईच्या टोळीत त्यांचा ग्लास वेगळा. मला भीती वेगळीच, व्यापाऱ्याला कळलं तर माल कोण घेईल? म्हटलं, "आप्पा, थोडे दिवस घरी आराम करा." आराम कसला, कामावरून काढलंच की.

वरोऱ्याला बाबा आमटेंनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं, तेव्हा रुग्णांनी पिकवलेली भाजीही लोक घेत नव्हते. हे वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी त्याच रांगेत उभा होतो.

सरकारी दवाखान्यात जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होत नाही. आणि बहुतेकांच्या अंगात या जंतूला तोंड द्यायची ताकद असतेच.

संध्याकाळी आप्पांच्या घरी गेलो. ते दारातच थबकले. "भाऊ, आमच्याकडचा चहा चालंल ना?"

चहा घेतला. पण तो प्रश्न अजून घशात आहे.

आप्पा परत आले, बारा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला. दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. चट्टा त्यांनी दोन वर्षं बाहीखाली लपवला होता. रोगाला नाही, आपल्याला भिऊन. आता ठिबकचे व्हॉल्व्ह तेच बघतात.

मंडळी, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे टोचलेलं कळत नसेल, तर आशाताईंना सांगा. औषध फुकट आहे, सहा किंवा बारा महिन्यांचं. आणि कुणाच्या घरी असा आजार निघाला, तर आधी त्याच्याकडे चहाला जा.

हरण्याची पुढची फेरी शुक्रवारी.