ऐंशी किलोंचे बिऱ्हाड

केळापूर हे नाव ऐकून तुम्ही तालुक्याचे मोठे गाव शोधायला निघालात, तर तुमची थोडी फसगत होईल. यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याचे नाव केळापूर खरे. पण तालुक्याच्या कचेऱ्या, बाजारपेठ, एस. टी.चा डेपो, डॉक्टर आणि वकील सारे पांढरकवड्याला. केळापूर बिचारे त्याच्या जवळच, नागपूर-हैदराबाद हमरस्त्याच्या कडेला, जगदंबेच्या देवळाच्या आधाराने बसलेले एक खेडे. नाव एकीकडे आणि बिऱ्हाड दुसरीकडे! या गोष्टीची मला पूर्वी नुसती गंमत वाटे. गेल्या वर्षी नवरात्रात मी तिथे आठ दिवस राहिलो, आणि माणसांचीही अशीच गत होते हे जवळून पाहिले.

केळापूर हे माझ्या धाकट्या बहिणीचे सासर. मेहुणे जाऊन सहा वर्षे झाली. पाच एकर कोरडवाहू वावर, एक कौलारू घर आणि एक मुलगा एवढा ताईचा संसार. मुलगा फौजेत. गेल्या वर्षीच मे महिन्यात त्याचे लग्न झाले आणि पंचविसाव्या दिवशी तो अरुणाचलच्या डोंगरात परत गेला. सूनबाई सासूजवळ राहिल्या. नवरात्राच्या तोंडावर ताईचा फोन आला. "दादा, पोराची पलटण झाशीले आली. कॉटर भेटलं. आता तो सूनबाईले न्यायले येऊन रायला. तू ये बरं, मले एकटीले सुचून नाही रायलं."

नागपूरहून एस. टी. धरली. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडनेर अशी गावे मागे पडतात, वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. मग वडकी, करंजी, पांढरकवडा. दोन्ही बाजूंनी काळी जमीन आणि तीवर नजर पोचेल तिथवर कपाशी. दसऱ्याच्या सुमारास तिची पहिली बोंडे फुटू लागतात. मधूनच तुरीच्या ओळी. हाच रस्ता एका बाजूने काश्मिरात आणि दुसऱ्या बाजूने कन्याकुमारीला जातो. पूर्वी त्याला सात नंबरचा महामार्ग म्हणत. आता तो चव्वेचाळीस नंबरचा झाला आहे. झाशीही याच रस्त्यावर. ताईच्या अंगणातून दिसणारा डांबरी पट्टा थेट लेकाच्या नव्या गावाला जातो, हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने रस्त्याकडे जरा रागानेच पाहिले.

घरात शिरलो तो पडवीत दोन काळ्या लोखंडी पेट्या. फौजी माणसाची ही खरी ओळख. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव. भाच्याने त्या पांढरकवड्याच्या पेंटरकडून नव्याने रंगवून आणल्या होत्या. आजवर त्याचा पत्ता म्हणजे पलटणीचे नाव आणि '९९ एपीओ'. पूर्वेकडच्या फौजेची सारी टपाले याच एका आकड्यावर जातात. ताईने लग्नाच्या आधी एकदा शेजारच्या मास्तरांना नकाशा उघडायला लावून विचारले होते, "हे नव्व्याण्णव एपीओ गाव कुठं हाये?" मास्तरांना ते काही सापडले नव्हते! आता प्रथमच लेकाच्या पत्त्यात एका शहराचे नाव आले होते.

फौजेत जागा दोन प्रकारच्या. सरहद्दीवरची, डोंगरदऱ्यांतली ती 'फील्ड'. तिथे बायकामुले नेता येत नाहीत. आणि छावणीतली ती 'पीस'. तिथे क्वार्टर मिळाले तर संसार थाटता येतो. क्वार्टरसाठी नंबर लावावा लागतो. शिपायाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते हे खरे. पण ती केव्हा आणि किती तुकड्यांनी मिळेल, ते पलटणीच्या गरजेवर. म्हणजे या जोडप्याने लग्नानंतर एकत्र काढलेले दिवस जेमतेम पंचवीस, आणि आता पुढची दोन-अडीच वर्षे एका छपराखाली.

पण क्वार्टर मिळाले म्हणून बायकोला उचलून नेता येत नाही. आधी तिला कागदावर आणावे लागते. लग्नाचा दाखला, दोघांचा जोडीने काढलेला फोटो, बँकेतले दोघांचे खाते, आणि मग पलटणीच्या दप्तरात 'पार्ट टू ऑर्डर' निघते. ती निघाली की सरकारच्या लेखी शिपायाचे लग्न झाले! सूनबाईंच्या आधार कार्डावर माहेरचे नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचे, आणि बँकेच्या पुस्तकात एक अक्षर भलतेच. एका कचेरीने तर त्यांना तीन वेळा परत धाडले. नवरा डोंगरात, फोनला आवाज नाही, आणि ही बावीस वर्षांची मुलगी पिशवीत कागद घालून पांढरकवड्याच्या खेपा करते आहे. मी म्हटले, "सूनबाई, कंटाळला नाहीत?" त्या हसून म्हणाल्या, "मामा, त्यानं पंचवीस दिवसांत जेवढं नाही वळखलं, तेवढं त्या कागदानं मले त्याचं घर वळखू आलं. आजोबाचं नाव, जन्मगाव, वावराचा नंबर, सारं पाठ झालं."

या सूनबाई पैनगंगेच्या पलीकडच्या, आदिलाबाद जिल्ह्यातल्या. नदी ओलांडली की तेलंगण. पण तिकडेही मराठी घरे पुष्कळ. त्यांना मराठीइतकीच तेलुगू येते. केळापूर भागात याचे कोणाला नवल नाही. इथल्या बाजारात वऱ्हाडी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चारी बोली एकाच भाजीच्या ढिगापाशी ऐकू येतात. नवल पुढेच झाले. भाच्याने फोनवर सांगितले की शेजारच्या क्वार्टरमधले कुटुंब आंध्रातले आहे, आणि त्या बाईंना हिंदी अजून धड येत नाही. ते ऐकून सूनबाईंचा चेहरा असा उजळला, की परमुलखात जणू मावशीच भेटली!

सूनबाईंनी शाळेच्या वहीत दोन रकाने आखले होते. एक 'न्यायचे', एक 'ठेवायचे'. न्यायच्या रकान्यात तूरडाळ, जवसाची चटणी, लाल तिखट, मुगवड्या, ज्वारीचे पीठ, कढई, पोळपाट, देवाचा फोटो. रोज संध्याकाळी यादी वाचली जाई आणि रोज ताई त्यात दोन जिनसा घाली. भाचा आला तेव्हा पेट्यांची झाकणे लागत नव्हती. त्याने यादी पाहिली नि डोक्याला हात लावला. "आई, काऊन एवढं भरून रायली? तिथं कँटीन हाये. सारं भेटते."

"सारं भेटते, पण आपल्या वावरातली दाळ भेटते का?" यावर फौजेकडे उत्तर नव्हते.

एका संध्याकाळी आम्ही दोघे पुरुष रस्त्याकडेला फिरायला गेलो. टोलनाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. मी त्याला या मातीतली एक जुनी हकीकत सांगितली. १८१८ च्या एप्रिलात दुसरा बाजीराव इंग्रजांच्या फौजा चुकवीत याच भागात आला होता. पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने त्याला गाठले, आणि पेशव्यांच्या लष्कराची दाणादाण झाली. जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, आणि त्याचे बिऱ्हाड कानपूरजवळ बिठूरला गेले. त्याच बिठूरच्या आश्रयाला मोरोपंत तांबे राहिले. त्यांची लेक मनू १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न होऊन झाशीची राणी झाली. भाचा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे मामा, इथून उठलेल्या बिऱ्हाडातूनच झाशीले सून गेली म्हणा ना!" तिकिटावर आता स्टेशनचे नावही 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' असे छापून येते. घरी येऊन त्याने ते ताईला दाखवले. तिने तिकीट देवापुढे ठेवले.

मी आणखी एका प्रवाशाची गोष्ट सांगितली. जवळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये रेडिओपट्टा बांधलेला एक तरुण वाघ निघाला, आणि महाराष्ट्र-तेलंगणातून सुमारे तीन हजार किलोमीटर हिंडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. सूनबाई आतून म्हणाल्या, "त्याले कॉटर भेटलं का पण?" सारे घर हसले.

पण हसण्याखाली जे दडले होते, ते त्या रात्री वर आले. जेवणे झाल्यावर भाचा म्हणाला, "आई, वावर मक्त्यानं देऊन टाक, अन् तूही चाल आमच्यासंग. वेचणी सुरू होईन, तू एकटी कुठंकुठं पुरशील?"

ताई भांडी आवरीत होती. ती तिथूनच म्हणाली, "मी आली तर घर बंद होईन."

"होऊ दे ना. पाहू मंग."

"पाहू मंग कसं? दोन-अडीच सालानं तुही पलटण पुन्हा पहाडात जाईन. तवा हे पोर कुठं उतरन? कड्याकुलपाच्या घरात? एक घर उघडं पाह्यजे, बापू."

कोणी काही बोलले नाही. सूनबाई उठल्या आणि सासूजवळ जाऊन भांडी पुसू लागल्या. मला वाटत होते, बदलीचा हुकूम शिपायाला आला आहे आणि बायकोला त्याच्यामागे जायचे आहे. तसे नव्हते. हुकूम तिघांना आला होता. दोघांना जाण्याचा, आणि एकीला जागा न सोडण्याचा. सरहद्दीवरच्या चौकीतसुद्धा कोणीतरी मागे थांबावेच लागते, तेव्हा इतरांना पुढे जाता येते. माझी ही बहीण पाच एकर वावरात अशी एकटी पहाऱ्याला उभी राहणार होती, आणि त्याचा तिने कुठे उच्चारही केला नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी पेट्यांचे वजन झाले. स्लीपरच्या डब्यात माणशी चाळीस किलो सामान फुकट, म्हणजे दोघांचे ऐंशी. घरात कापूस मोजायचा काटा होताच; तो आंगणातल्या लिंबाला टांगला. पेट्या आणि बिस्तरा मिळून भरले एकोणनव्वद! मग काढाकाढ सुरू झाली. भाच्याने आपले बूट पिशवीतून काढून पायांत घातले. सूनबाईंनी कुकर काढला, मग कढई, मग लग्नातली जड पैठणी. ताई ओरडली, "अवं, पयली दिवाळी हाये, पैठणी राहू दे!" खरे म्हणजे पहिली दिवाळी माहेरी. जावयाचा दिवाळसण पैनगंगेपलीकडे व्हायचा. तोही रजेअभावी राहिला होता. सूनबाई म्हणाल्या, "पैठणी तुमच्याजवळच असू द्या, आई. मी वापस येईन तवा नेसीन." पैठणी ताईच्या कोठीत गेली आणि तूरडाळ जागच्या जागी राहिली. काटा ऐंशीवर थांबला.

त्याच सकाळी वावरात सीतादही झाली होती. वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू करण्याआधी वावरात पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मगच पहिले बोंड वेचतात. दरवर्षी ही पूजा घरच्या लक्ष्मीने करायची. या खेपेला ताईने ती सुनेकडून करविली. तो पहिला कापूस घेऊन ताई रात्री उशिरापर्यंत दिव्याजवळ बसली. सकाळी पाहतो तो एका जुन्या पुरचुंडीत वळलेल्या वाती. ती सुनेच्या हातात देत ती म्हणाली, "हे वजनात धरू नका."

पांढरकवड्याहून नागपूरची एस. टी. धरली. कंडक्टरने सूनबाईंचे तिकीट अर्धे फाडले. २०२३ पासून बायकांना एस. टी.त निम्मे भाडे आहे. पेट्या टपावर नाही, मागच्या डिकीत गेल्या. गाडी सुटताना ताई हलली नाही, रडलीही नाही. गाडी वळणाआड गेल्यावर म्हणाली, "चाल दादा, वेचणीवाल्या बाया आल्या असतीन."

याला आता वर्ष झाले. उन्हाळ्यात ताई पंधरा दिवस झाशीला राहून आली. शेजारच्या तेलुगू बाईंनी तिला पेसरट्टू खाऊ घातला, हिने त्यांना जवसाची चटणी करायला शिकवली. दोघींना एकमेकींची बोली येत नव्हती. सूनबाई मध्ये बसून दोन्हीकडचे सांगत. या नवरात्रात मी पुन्हा केळापूरला गेलो. सुनेची खोली झाडलेली, पैठणीला ऊन दाखवलेले, आणि टपालासाठी एक लहानसे पुडके बांधून तयार. त्यावर पत्ता घालायला ताईने ते माझ्यापुढे ठेवले. यंदाच्या सीतादहीच्या कापसाच्या वाती. मी झाशीचे नाव लिहिले. ती शेजारी उभी राहून पाहत होती. म्हणाली, "सवडीनं लिव्ह. नीट लिव्ह. नव्व्याण्णव लिहायचं लवकरच येईन."