केनेबेकच्या तीरावरील सुईण

वाचकहो, अमेरिकेच्या नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यात मेन हे राज्य आपणांस आढळेल. तेथील मूसहेड सरोवरातून निघालेली केनेबेक नदी दक्षिणेकडे वाहत अटलांटिक महासागराला मिळते. याच नदीवर ऑगस्टा ही राज्याची राजधानी वसली आहे. तिच्या पूर्व तीरावर १७५४ साली बांधलेली फोर्ट वेस्टर्न ही लाकडी गढी आजही उभी आहे. मूळच्या अबेनाकी लोकांच्या या भूमीत इंग्रज वसाहतकरी येऊन राहू लागले, तेव्हा या वस्तीला हॅलोवेल म्हणत. १७७७ साली मार्था बॅलर्ड नावाची बेचाळीस वर्षांची एक स्त्री आपली मुले घेऊन येथे आली. आज आपण तिच्याच कुळाचा माग काढणार आहोत.

त्यासाठी प्रथम दक्षिणेस, मॅसॅच्युसेट्समधील ऑक्सफर्ड या गावी जावे लागते. १७३५ साली मूर घराण्यात मार्थाचा जन्म तेथेच झाला. १७५४ मध्ये एफ्राइम बॅलर्डशी तिचा विवाह झाला. १७६९ च्या उन्हाळ्यात गावात घटसर्पाची साथ आली आणि तीन आठवड्यांच्या आत मार्थाच्या तीन मुली दगावल्या. त्या वेळी ती स्वतः गरोदर होती. पुढे इतरांच्या बाळंतपणांसाठी रात्री-अपरात्री धावून जाणाऱ्या या स्त्रीने हे दुःख पचवले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ऑक्सफर्डच्या याच मातीत तिच्या कुळाची आणखी एक शाखा वाढली. मार्थाची सख्खी बहीण डॉरथी ही बार्टन घराण्यात दिली होती. १८८१ साली अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना करणारी क्लारा बार्टन ही या डॉरथीची नात. शुश्रूषेचा वसा या घराण्यात असा दोन ठिकाणी प्रकट झालेला दिसतो.

आता पुन्हा केनेबेककाठी येऊ. १७८५ पासून १८१२ पर्यंत, सत्तावीस वर्षे, मार्थाने रोजनिशी लिहिली. हवा कशी होती, नदी गोठली की फुटली, सूत किती कातले, कोणाकडे बाळ जन्मले, मजुरीचे किती शिलिंग मिळाले, अशा या साध्या नोंदी आहेत. कधी होडीने, कधी घोड्यावरून, तर कधी बर्फावरून चालत जाऊन तिने आठशेहून अधिक बाळंतपणे केली. १८१२ च्या वसंतात, मृत्यूच्या काही आठवडे आधीपर्यंत, हे काम चालूच होते. त्या काळच्या वृत्तपत्राने तिच्या निधनाची बातमी एका ओळीत दिली आणि तीतही तिची ओळख एफ्राइमची पत्नी एवढीच होती. तिचे दफन कोठे झाले हे सांगणारा त्या काळचा दगडही नाही.

मग तिची स्मृती टिकली कशी? लेकींच्या हातून! रोजनिशी प्रथम तिची मुलगी डॉली हिच्याकडे आणि पुढे डॉलीच्या मुलींकडे गेली. १८८४ मध्ये ती मार्थाची खापरपणती मेरी होबार्ट हिच्या स्वाधीन झाली. मेरी त्याच वर्षी डॉक्टर झाली होती आणि प्रसूतिशास्त्र हाच तिचा व्यवसाय झाला. १९३० साली तिने तो ठेवा मेनच्या राज्य ग्रंथालयास अर्पण केला. हे ग्रंथालय ऑगस्टातच आहे. म्हणजे रोजनिशी जेथे लिहिली गेली, त्याच गावी परतली. लॉरेल थॅचर उलरिच या इतिहासकार विदुषीने तिच्यावरून लिहिलेला ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

वाचकहो, वंशावळीत पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, परंतु आपल्या आजीच्या आईचे माहेरचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? घरातील एखाद्या वृद्ध स्त्रीस आज ते विचारावे आणि तिने सांगितलेले लगेच वहीत उतरवून ठेवावे. ती वही पुढे आपल्या लेकीच्या हाती द्यावी.