माझे 120 टॅप

प्रतिध्वनींनी मिसळलेली चिन्हं सुटी करणाऱ्या इक्वलायझरचे टॅप, म्हणजे त्याचे बदलते गुणक, वाढवले की भागतं, असं मी कितीतरी वर्षं मानत होतो. शिक्षण रेडिओचं, त्यामुळे पाण्याखालचं मोडेम म्हणजे जरा मंद रेडिओ, एवढीच माझी समजूत. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लगेच विरतात म्हणून आवाज वापरायचा; बाकी गणित तेच.

आवाज पाण्यात सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. उथळ जागी तो थेट येतो, पृष्ठभागावर आपटून येतो, तळावर आपटून येतो, दोन्हीकडे चार-चारदा आपटूनही येतो. आमचं मोडेम सेकंदाला 4000 चिन्हं पाठवायचं. शेवटचा प्रतिध्वनी 10 मिलिसेकंद मागे राहिला, की एक चिन्ह पुढच्या चाळीसांवर सांडतं. मी सरळ 120 टॅप लावले. धरणाच्या निवांत पाण्यात सगळी पॅकेटं नीट आली आणि मी फुगलो.

हाताखालची एक मुलगी म्हणाली, "सर, त्या चाळीसपैकी पाच-सहा जागीच खरा आवाज येतोय. तेवढ्याच मोजूया का?" मी याला आळस म्हणालो. तेही चारचौघांत.

मग खाडीच्या तोंडाशी गेलो. ओहोटीच्या ओढीत होडी जेट्टीवरच्या हायड्रोफोनपासून, म्हणजे पाण्यातल्या माइकपासून, सेकंदाला दीड मीटर दूर जात होती. म्हणजे आवाजाच्या वेगाचा हजारावा भाग. रेडिओत एवढ्याशा वेगाची कुणी दखल घेत नाही. इथे सेकंदभराचं पॅकेट चार चिन्हांनी ताणलं गेलं. वर लाटांवरून येणारा प्रतिध्वनी सारखा जागा बदलत होता. माझे टॅप एक चॅनेल शिकेपर्यंत तो चॅनेल शिळा व्हायचा. आणि जिथे आवाज नव्हताच, तिथले टॅप इमानेइतबारे गोंगाट शिकत बसले होते.

स्टोयानोविच, कॅटिपोविच आणि प्रोआकिस यांचा 1994चा लेख पुन्हा काढला. त्यांनी इक्वलायझरच्या जोडीला, सरकणाऱ्या फेजचा माग ठेवणारा फेज लॉक लूप बसवला होता. पहिल्या वाचनात मला तो शोभेचा वाटला होता! पाण्याखालच्या मोडेमसाठीचं नाटोचं जानुस मानक सेकंदाला जेमतेम 80 बिटांवर समाधान मानतं, याचीही मी थट्टा करायचो. आता करत नाही.

हल्ली पॅकेट किती ताणलंय ते आधी मोजतो, ते सरळ करतो, मग मोजके प्रतिध्वनी शोधतो. वारा सुटला की तरीही पॅकेटं हरवतात.

ती मुलगी आता दुसरीकडे असते. फोन करून माफी मागितली. तिनं विचारलं, "किती टॅप उरले?"

"अठरा."

"अजून जास्तच आहेत, सर."