पाणचक्की पाहून आल्यावर

शाळेची सहल म्हटली की क्रम ठरलेला असतो. बस, डबे, गाडी लागणारी दोन-चार पोरे, ग्रुप फोटो. आठवड्याने वर्गात थर्माकोलचा ताजमहाल येतो आणि तो निम्म्याहून अधिक अम्मीने रात्री जागून केलेला असतो. यंदा जालन्याहून चौथीचा वर्ग घेऊन निघताना आम्ही शिक्षिकांनी ठरवले, प्रकल्पासाठी दुकानातून काही आणायचे नाही.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबरा पाहून मुले खूष झाली. पाणचक्कीत मात्र ती गप्प झाली. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात लांबट हौद आहे आणि त्यात उंच भिंतीवरून पाण्याची धार पडते. डोंगराकडच्या झऱ्याचे हे पाणी जमिनीखालून, मातीच्या नळांतून, कित्येक किलोमीटर आणलेले. त्याच्या जोरावर खाली दगडी जाते फिरे आणि दर्ग्यात उतरणारे मुसाफिर, फकीर, विद्यार्थी यांच्यासाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर मासे, खाली माणसे! मुले तीनदा वर-खाली करून आली.

एकाने विचारले, "मॅडम, मोटार कुठंय?"

हसण्यासारखा प्रश्न नाही. ज्यांच्या गल्लीत नळाला पाणी आले की घरोघरी मोटारी सुरू होतात, एरवी टँकरची वाट पाहावी लागते, त्या मुलांना विजेवाचून पाणी भिंतीवर चढते हे पटावे कसे? शहराला मात्र ही विद्या आधीपासून ठाऊक होती. गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झालेल्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे खडकी वसवली आणि तिला भूमिगत नहरीने पाणी दिले.

खरी सहल सोमवारी वर्गात सुरू झाली. एक्केचाळीस मुलांपैकी पाच जण आले नव्हते. कारण फी. अशा मुलांना सहसा एखादे चित्र रंगवायला देऊन कोपऱ्यात बसवतात. आम्ही त्यांना पुढच्या बाकावर बसवले आणि सांगितले, पाहून आलेल्यांनी यांना समजावायचे. यांना पटेपर्यंत प्रकल्प पुरा नाही.

पहिल्या दिवशी गेलेली मुले फुशारकीने बोलली. मग त्या पाचांतल्या एकीने विचारले, "डोंगरावरून पाणी खाली येईल, पण परत भिंतीवर कसं चढेल?" वर्ग थंड. उत्तर सांगायला आमची जीभ वळवळत होती. दोन दिवस दम धरला.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा अब्बांची लेव्हलची नळी घेऊन आला. अब्बा गवंडी. नळीत पाणी भरून दोन टोके दोघांनी धरली. एक टोक वर नेले, खाली आणले, मधला भाग बाकाखालून फिरवला. दोन्हीकडचे पाणी हटकून एका रेषेत. मध्ये एकदा गणित चुकले तेव्हा नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला निघाला. तो काढायची युक्ती मुलाला घरूनच येत होती. तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे झरा भिंतीपेक्षा उंच असणार."

हे वाक्य तिच्या अक्षरात भिंतीवर लावले आहे. शेजारी बटाट्यात आइस्क्रीमच्या काड्या खोचून केलेले चाक टांगले आहे. वरून तांब्याने धार सोडली की ते फिरते. खाली बादली ठेवतो आणि ते पाणी झाडांना जाते. दिसायला ओबडधोबड आहे सारे. पालकसभेत एका अम्मीने विचारलेही, "एवढंच?" आम्ही तिच्या हाती तांब्या दिला.

सध्या फळ्यावर त्या पाचांपैकीच एकाचा प्रश्न आहे: जमिनीखाली नळ फुटला, तर कुठे फुटला हे शोधायचे कसे? तीन गट वाद घालत आहेत आणि लेव्हलची नळी अब्बांना अजून परत मिळालेली नाही.